लष्कराची तुकडी शाळेत, सोसायटीत किंवा गावात येणार असेल तर: पत्रापासून प्रेस नोटपर्यंत

कार्यक्रमाला आठ दिवस उरलेत, चौकात जवानांच्या फोटोंचा फ्लेक्स झळकतोय, व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण शंभर ग्रुपांत फिरलंय, आणि युनिटकडून होकाराचं पत्र मात्र अजून आलेलंच नाही. पुण्यात दरवर्षी कुठे ना कुठे हे घडतं. घोरपडी, वानवडी, खडकी, दापोडी, खडकवासला, लोहगाव असं लष्कर शहराला इतकं खेटून आहे की 'ओळखीचे एक कर्नलसाहेब आहेत, फोन केला की येतील' यावर सगळी मंडळी निर्धास्त असतात. साहेब येतीलही, पण पाहुणे म्हणून. तुकडी, बँड, शस्त्रांचं प्रदर्शन किंवा वैद्यकीय पथक फोनवर येत नाही. त्याला लेखी मागणी आणि वरून मंजुरी लागते.

बहुतेक कार्यक्रम बिघडतात ते क्रम चुकल्यामुळे. लेखी होकार, जागेची पाहणी, नागरी परवानग्या, लोकांपर्यंत निरोप आणि सर्वांत शेवटी माध्यमं, असा क्रम धरायचा. प्रसिद्धीचं काम पहिलं सुरू केलं तर पुढची प्रत्येक पायरी निस्तरण्यात जाते.

१. आधी ठरवा: नेमकं काय हवंय

'जवानांनी यावं, मुलांना प्रेरणा मिळावी' एवढ्यावर युनिटला काहीच ठरवता येत नाही. मागणी एका ओळीत बसली पाहिजे: एका अधिकाऱ्याचं चाळीस मिनिटांचं व्याख्यान, किंवा शस्त्रं-साहित्याचं प्रदर्शन, किंवा बँडवादन, किंवा माजी सैनिक आणि वीरनारींसाठी (शहीद जवानांच्या पत्नींसाठी) मदतकक्ष. चारही एकाच दिवशी मागू नका. प्रत्येकासाठी माणसं वेगळी, वाहनं वेगळी आणि मंजुरीही बहुधा वेगळी लागते.

तारखा तीन सुचवा. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे फेब्रुवारी-मार्च शाळांना अडचणीचा. पालख्या शहरात असतात ते दिवस आणि गणेशोत्सवाचे दहा दिवस वाहतुकीच्या दृष्टीने बाद. १५ जानेवारीचा सेना दिन, २६ जानेवारी, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, १५ ऑगस्ट आणि ७ डिसेंबरचा ध्वज दिन या तारखा सगळ्यांनाच हव्या असतात आणि नेमक्या तेव्हाच युनिटं स्वतःच्या कार्यक्रमांत गुंतलेली असतात. खडकवासल्याच्या एनडीएकडून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडून) कुणी हवं असेल तर मे आणि नोव्हेंबरची अखेर टाळा, कारण तेव्हा तिथे दीक्षान्त संचलनाची धामधूम असते. कारगिल दिनाचाच कार्यक्रम हवा असेल तर २६ जुलैचा हट्ट सोडून त्याच आठवड्यातला एखादा कामाचा दिवस मागितलेला बरा.

२. पत्र: कुठल्या दाराने जायचं

किमान सहा, शक्यतो आठ आठवडे आधी पत्र जायला हवं. दार मात्र कामानुसार बदलतं.

शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर तोच सर्वांत सोपा रस्ता. एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षकांमार्फत बटालियनला पत्र द्यायचं. माजी सैनिक, वीरनारी किंवा पेन्शनचा विषय असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तुकडी, बँड किंवा साहित्य हवं असेल तर संबंधित युनिटच्या कमांडिंग ऑफिसरांच्या किंवा स्थानिक स्टेशन मुख्यालयाच्या नावाने. वार्तांकनाचा भाग असेल तर संरक्षण विभागाच्या पुण्यातल्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना प्रत. एकच पत्र सात ठिकाणी टाकून वाट पाहणं ही जुनी खोड आहे. सातही जण 'दुसऱ्याने हाताळलं असेल' असं समजतात.

पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत असू द्या, सोबत मराठी प्रत जोडा. वाचणारे अधिकारी मराठी असतीलच असं नाही. पत्रात हे हवंच:

– संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पूर्ण पत्ता
– कार्यक्रमाचा हेतू दोन वाक्यांत, आणि तीन तारखा
– अपेक्षित लोक किती. त्यात मुलं किती, ज्येष्ठ किती
– मंचावर कोण कोण बसणार, नावानिशी
– माध्यमांना बोलावणार का
– संपर्कासाठी एकच माणूस आणि एकच मोबाइल

चौथा मुद्दा दडपला की हमखास गडबड होते. लष्कर राजकारणापासून दूर राहतं. मंचावर पक्षाचे पदाधिकारी आहेत हे आयत्या वेळी कळलं तर अधिकारी वर चढणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. नगरसेवक किंवा आमदार यायचे असतील तर पत्रातच लिहा आणि निर्णय युनिटवर सोडा. सैनिकांचे फोटो राजकीय प्रचारात वापरू नयेत, हे निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये कळवलं आणि २०१९ मध्ये पुन्हा बजावलं आहे. आचारसंहितेच्या काळात तर असा कार्यक्रम ठेवूच नये.

थांबा: लेखी होकार हातात येईपर्यंत तारीख कुणालाही सांगायची नाही. मुलांच्या डायरीतही नाही, कारण डायरीत गेलेली तारीख संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर असते.

३. पाहणी, म्हणजे रेकी

होकार आला की युनिटचा एखादा जेसीओ (सुभेदार वगैरे हुद्द्याचा कनिष्ठ अधिकारी) किंवा अधिकारी जागा बघायला येतो. त्याआधी टेप घेऊन तुम्हीच एकदा फिरा.

फाटक: लष्करी ट्रक सुमारे अडीच मीटर रुंद असतो. वळून आत यायला फाटक मोकळं साडेतीन-चार मीटर हवं. कमान, लोंबणाऱ्या केबल, झाडाच्या फांद्या यांची उंचीही मोजा. साडेचार मीटर मोकळी असेल तर चिंता नाही.

जमीन: इथे सोसायट्या सर्रास चुकतात. हल्लीच्या संकुलांतलं 'ग्राउंड' पुष्कळदा तळघरातल्या पार्किंगच्या छतावर असतं. भरलेला ट्रक दहा टनांच्या पुढे जाऊ शकतो. स्लॅबची क्षमता बांधकाम अभियंत्याकडून लेखी घ्या. ती मिळत नसेल तर वाहन बाहेरच्या रस्त्याला उभं करा आणि साहित्य हाताने आत आणू द्या. सेप्टिक टँक आणि ड्रेनेजची झाकणं चुन्याने आखून ठेवा. गावात पावसाळ्यानंतर मैदान वरून कोरडं दिसतं पण आतून ओलं असतं. ट्रक रुतला की तो काढण्यातच दिवस जातो.

प्रदर्शन: टेबलं सावलीत हवीत. उन्हात तापलेल्या धातूला मुलं हात लावायला जातात. टेबल आणि गर्दी यांच्यात दीड मीटर अंतर ठेवून दोरी किंवा बॅरिकेड लावा. शस्त्रांवर पहारा युनिटचाच असतो, तिथे स्वयंसेवक उभे करायचे नाहीत. हात कशाला लावायचा आणि कशाला नाही, हे टेबलावरचा जवान सांगेल.

बँड: पंचवीस-तीस वादक चालत वाजवणार असतील तर साधारण ३० बाय २० मीटर सपाट जागा, वाद्यांच्या गाडीसाठी पार्किंग, कपडे बदलायला बंद खोली आणि पाणी लागतं. त्यांच्यासमोर ध्वनिक्षेपक लावू नका, बँडला त्याची गरज नसते. बँड वाजत असताना निवेदकाने माइकवर बोलणं हा आपल्याकडचा खास दोष.

पाहणीनंतर अर्ध्या पानाचं टिपण करून युनिटला पाठवा: काय ठरलं, कोण काय आणणार, जेवण-चहाचं काय. जेवण ते स्वतःचं आणतील की तुम्ही देणार, हे आधीच विचारा. तीस जणांसाठी मागवलेली पुरी-भाजी वाया गेलेलीही दिसते, आणि दुपारी दोनपर्यंत उपाशी राहिलेली तुकडीही.

४. नागरी परवानग्या

लष्कर येतंय म्हणून पोलीस परवानगी लागत नाही, हा गैरसमज आहे. आयोजक तुम्ही आहात, त्यामुळे अर्जही तुमचेच. स्थानिक पोलीस ठाण्यात कार्यक्रमाचा आणि ध्वनिक्षेपकाचा अर्ज, रस्ता अडणार असेल तर वाहतूक शाखेचा, मांडव असेल तर अग्निशमनाचा आणि फलकासाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाचा. हद्द आधी तपासा. पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन कॅन्टोन्मेंट बोर्डं इथे आहेत. एकाच रस्त्याची एक बाजू महापालिकेची आणि दुसरी कॅन्टोन्मेंटची असू शकते. शाळा, रुग्णालय किंवा न्यायालयापासून शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, तेव्हा अर्जात जागेचं ठिकाण नीट लिहा.

ड्रोनचं मात्र मनातूनच काढा. लोहगावचा विमानतळ आणि शहरभर पसरलेल्या लष्करी हद्दी यांमुळे पुण्याचा मोठा भाग 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर निर्बंधात येतो, शिवाय पोलिसांचे मनाईआदेश वेगळे. फोटोग्राफर 'छोटाच आहे, काही होत नाही' म्हणेल. त्याला त्या दिवशी ड्रोन घरी ठेवायला सांगा.

५. लोकांपर्यंत पोहोचणं

गर्दी जमवणं सोपं, नेमके लोक जमवणं कठीण. माजी सैनिकांच्या मदतकक्षाला पाचशे बघे आले आणि पेन्शन अडकलेल्या बारा आजी घरीच राहिल्या, तर उपयोग काय? शिरूर, पुरंदर, भोर, जुन्नर अशा तालुक्यांतल्या गावांत ग्रामपंचायत, माजी सैनिक संघटना आणि आशाताई या तिघांकडून यादी करा. यादीतल्या प्रत्येकाला फोन करा आणि सोबत काय आणायचं ते सांगा: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन, बँक पासबुक, ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल. पेन्शनचं 'स्पर्श' पोर्टल ओटीपीवर चालतं. मोबाइल मुलाच्या खिशात आणि मुलगा हिंजवडीला, असं झालं की काम तिथेच थांबतं. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात गर्दी होते, म्हणून त्यासाठीचा कक्ष नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा.

वीरनारी आणि वीरमाता-पित्यांना बोलावणार असाल तर घरी जाऊन विचारा. मंचावर यायचंय का? बोलायचंय का? फोटो चालेल का? तिन्ही उत्तरं वेगवेगळी असू शकतात. आणायला-सोडायला गाडी द्या, बसायला पहिली रांग द्या, सोबत एक बाई स्वयंसेवक ठेवा. नाव आणि पदक कागदावर लिहून त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

तरुण मुलं भरतीबद्दल विचारणारच. व्याख्यात्याला ते आधी सांगून ठेवा. अग्निपथ योजना २०२२ पासून लागू आहे, सेवा चार वर्षांची. वय, उंची, परीक्षेचे निकष त्या-त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहायचे, मंचावरून पाठ म्हणायचे नाहीत. 'भरतीसाठी कुणालाही पैसे देऊ नका' असा मोठा फलक दारातच लावा. अशा गर्दीत अकादमीवाले आणि दलाल पत्रकं वाटत फिरतात.

गणवेशाचा प्रश्न. पुण्यातल्या शाळांना मुलांना लष्करी छाप्याचे कपडे घालून उभं करण्याची फार हौस. लष्कराने नव्या लढाऊ गणवेशाच्या छाप्याची २०२२ मध्ये डिझाइन म्हणून नोंदणी केली आहे. तसं कापड बाजारातून शिवून घेऊ नका. शाळेच्या गणवेशातली, नीट रांगेत उभी असलेली मुलं फोटोतही जास्त चांगली दिसतात.

६. माध्यमं: कधी, कुणाला, काय

सेवेतला सैनिक स्वतःच्या मर्जीने पत्रकारांशी बोलू शकत नाही. आर्मी रूल्स, १९५४ मधला २१वा नियम त्याबद्दलच आहे. त्यामुळे जो जवान दिसेल त्याच्यापुढे माइक धरायची मुभा वार्ताहरांना देऊ नका. कोण बोलणार ते युनिटकडून लेखी घ्या. प्रश्नांचा रोखही एक दिवस आधी कळवा.

दहा दिवस आधी: माध्यमांची यादी करा. वृत्तपत्रांचे लष्कर किंवा शिक्षण पाहणारे वार्ताहर, आकाशवाणी पुणे, जिल्हा माहिती कार्यालय, एक-दोन वाहिन्या. कार्यक्रम लष्करी हद्दीत असेल तर प्रत्येकाचं नाव, माध्यम, ओळखपत्र, गाडीचा क्रमांक आणि कॅमेरा ही माहिती आठवडाभर आधी द्यावी लागेल असंच गृहीत धरा. 'आमचा दुसरा माणूस येतोय' हे गेटवर चालत नाही.

तीन दिवस आधी: युनिटने पाहून दिलेलं निमंत्रण पाठवा. त्यात तारीख, ठिकाण, माध्यमांनी किती वाजता यायचं, गाडी कुठे लावायची आणि बाइट (कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया) किती वाजता मिळेल एवढंच. तुकडी कुठून निघणार, कुठल्या रस्त्याने येणार, किती वाहनं असणार हे लिहायचं नाही. फेसबुकवर तर नाहीच.

त्या दिवशी: मुख्य दृश्य सकाळी साडेदहा-अकराच्या आत उरकेल असं बसवा, म्हणजे फोटोग्राफर दुपारच्या पुढच्या कामाला मोकळा होतो. कॅमेऱ्यांसाठी जागा आखून द्या. मंचासमोर ती दहा जणांची भिंत उभी राहिली की मागच्या मुलांना फक्त पाठी दिसतात.

प्रेस नोट अडीचशे ते तीनशे शब्दांची. पहिल्या वाक्यात काय, कुठे, कुणी. 'देशभक्तिमय वातावरणात', 'उत्स्फूर्त प्रतिसाद' हे शब्द उपसंपादक आधी कापतो, तुम्हीच कापून द्या. मजकूर युनिकोडमध्ये थेट मेलमध्येच पेस्ट करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल किंवा लेटरहेडचा फोटो पाठवला की पलीकडे कुणी पुन्हा टाइप करत बसत नाही. तीन-चार मूळ आकाराचे फोटो मेलनेच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून. फोटोखालच्या ओळींत नावं 'डावीकडून' अशी. संध्याकाळी पाचपर्यंत पोचलं तर दुसऱ्या दिवशीच्या अंकाला संधी.

हुद्द्यांच्या चुका सर्वांत जास्त आणि सर्वांत लाजिरवाण्या. निवृत्त अधिकाऱ्याचा हुद्दा नावाआधी आणि 'निवृत्त' शेवटी कंसात येतो. 'माजी कर्नल' किंवा 'रिटायर्ड कर्नल अमुक' नाही. मेजर हा लेफ्टनंटपेक्षा वरचा, पण लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलपेक्षा वरचा. पाहुण्यांचा क्रम लावताना इथे हटकून घसरतात. नौदलातला कॅप्टन हा सेनेतल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे जेसीओ. त्यांना 'शिपाई' लिहिणं हा अपमान आहे. महावीर चक्र आणि वीर चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही वेगवेगळी पदकं आहेत. पहिली जोडी युद्धकाळातली, दुसरी शांतताकाळातली.

फोटो पाठवण्याआधी थांबा: युनिटच्या प्रतिनिधीला लॅपटॉपवर सगळे दाखवा. वाहनाचा क्रमांक, तुकडीची चिन्हं, उपकरणाचा जवळून घेतलेला तपशील, मागे दिसणारी इमारत किंवा नकाशा यांपैकी काही नको असेल तर तो फोटो वगळा. यासाठी कार्यक्रमानंतरचा एक तास राखून ठेवा. मुलांचे चेहरे ठळक दिसत असतील तर पालकांची लेखी संमती आधीच घेतलेली हवी.

७. प्रत्यक्ष दिवस

सहाशे मुलांचं गणित मांडून बघा. पन्नासच्या तुकड्या केल्या तर बारा. प्रदर्शनासमोर प्रत्येकीला आठ मिनिटं आणि ये-जा दोन, म्हणजे दोन तास. दोन रांगा करा, एक तासात होईल. प्रदर्शन मांडायलाच तासभर लागतो, तेवढ्या वेळात मुलांना मैदानात बसवून ठेवू नका. प्रत्येकी अर्धा लिटर पाणी धरलं तर तीनशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंधरा जार. प्रथमोपचाराची पेटी आणि एक रिकामी गाडी फाटकाजवळ असू द्या.

सत्काराची रीत आधी विचारून घ्या. गणवेशातल्या सैनिकाच्या डोक्यावर स्वतःची टोपी किंवा फेटा असतो. त्यावर पुणेरी पगडी चढवायला जाऊ नका. शाल-श्रीफळ किंवा पुस्तक हातात द्या, हार गळ्यात घालू नका. औक्षण करायचं असेल तर कुंकू गणवेशावर सांडणार नाही इतपत हात आवरा. भाषणांसाठी एकूण वीस मिनिटं. त्यातली पंधरा पाहुण्यांची. स्वागताध्यक्ष, प्रास्ताविक, परिचय, आभार अशी रांग लावली तर तुकडी उन्हात ताटकळते, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही.

राष्ट्रध्वज मंचावर असेल तर तो प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या वक्त्याच्या उजव्या हाताला हवा. टेबलावर ध्वज अंथरायचा नाही, आणि दारात तिरंग्याची रांगोळीही नको, लोक तिच्यावरूनच चालत जातात. राष्ट्रगीत पूर्ण, म्हणजे सुमारे ५२ सेकंद. ध्वनिमुद्रित असेल तर फाइल आदल्या दिवशी वाजवून बघा. मध्येच मोबाइलची रिंगटोन किंवा जाहिरात लागली तर तेच सगळ्यांच्या लक्षात राहतं.

शेवटचं वाहन फाटकाबाहेर पडेपर्यंत कुणीही थेट प्रक्षेपण करू नये, हे निवेदकाने दोनदा सांगावं. तरी दोघे-तिघे करतातच. ग्रुप अ‍ॅडमिनना ते आधीच सांगून ठेवलं तर व्हिडिओ लवकर काढता येतो.

८. नंतरचे चार दिवस

त्याच संध्याकाळी फ्लेक्स उतरवा. आभाराचं पत्र युनिटला आणि पोलीस ठाण्यालाही. आलेल्या बातम्यांची कात्रणं तारीख घालून पाठवा. बातमीत हुद्दा चुकला असेल तर त्याच दिवशी संबंधित वार्ताहराला शांतपणे दुरुस्ती कळवा, ऑनलाइन आवृत्तीत ती तासाभरात होते. मदतकक्षात ज्यांची कामं अडली त्यांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे द्या आणि पंधरा दिवसांनी त्यांना फोन करून विचारा. पत्रव्यवहार, पाहणीचं टिपण, परवानग्या आणि माध्यमांची यादी एका फाइलमध्ये लावून पुढच्या कार्यवाहांकडे सोपवा. पहिल्या पानावर होकाराच्या पत्राची प्रत, आणि ते पत्र यायला किती दिवस लागले तो आकडा पेन्सिलने.